फायटर माशाच्या पिल्लांतील नर-मादी ओळख : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : शोभिवंत मत्स्यपालनात 'फायटर' या नावाने परिचित असलेल्या बेट्टा स्प्लेन्डेन्स या माशाचे प्रौढ नर व मादी सहज ओळखता येतात. पिल्लावस्थेत मात्र ही ओळख अवघड असते. नराला स्वतंत्र बरणीत ठेवणे भाग असल्याने ती वेळेवर पटण्यावर पाणी, श्रम आणि उत्पन्न अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पिल्लांच्या वाढीचे टप्पे, ओळखीची लक्षणे, त्या लक्षणांच्या मर्यादा आणि त्यामागील जीवशास्त्र यांचे विवेचन केले आहे. 'हे पिल्लू आज वेगळे काढावे काय?' आणि 'हे पिल्लू नर आहे काय?' हे दोन भिन्न प्रश्न असून त्यांची गल्लत हेच बहुतेक चुकांचे मूळ आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : फायटर मासा, लिंगभेद, पिल्लावस्था, शोभिवंत मत्स्यपालन, शहापूर, मुरबाड.

१. प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. भातसा, काळू, शाई, बारवी या नद्या, पावसाळ्यात तुडुंब भरणारी भातखाचरे आणि ओहोळ यांमुळे येथील ग्रामीण व आदिवासी जनजीवनात माशांना महत्त्वाचे स्थान आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे, म्हणजेच वळगणीचे मासे, पकडण्याची रीत येथे पूर्वापार चालत आली आहे. अशा माशांपैकी गाभोळी असलेली मादी कोणती, हे अनुभवी माणूस पोटाच्या फुगीरपणावरून हातात घेताच सांगतो. प्रौढ माशातील लिंगभेद ओळखण्याचे ज्ञान या परिसराला नवे नाही.

तथापि हेच ज्ञान पिल्लांच्या बाबतीत अपुरे पडते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. फायटर माशाच्या पिल्लाचे लिंग मात्र पाळण्यात दिसत नाही. ते हळूहळू, आठवड्यांच्या क्रमाने प्रकट होते. काही वेळा आधी दिसलेले लक्षण नंतर खोटे ठरते.

या विषयाकडे वळण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण आर्थिक आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसबागेतील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी ३ लाख रुपये प्रकल्प खर्चाचा घटक समाविष्ट करण्यात आला. त्यात सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व महिला यांना ६० टक्के साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. आदिवासीबहुल तालुक्यांच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. दुसरे कारण शैक्षणिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राणी-विच्छेदनावर बंदी आणली. त्यानंतर जिवंत प्राण्याचे, त्याला इजा न करता, काटेकोर निरीक्षण कसे शिकवावे हा प्रश्न प्राध्यापकांसमोर आहे. फायटरची पिल्ले हे त्यासाठी सोयीचे आणि अल्पखर्चाचे साधन आहे.

२. माशाचा परिचय

फायटर माशाचे मूळ स्थान थायलंड होय. उथळ, संथ आणि वनस्पतींनी भरलेले पाणी, दलदल व भाताची शेते येथे तो नैसर्गिक अवस्थेत आढळतो. चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्याला बेट्टा स्प्लेन्डेन्स हे शास्त्रीय नाव दिले, तर २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर प्राणी म्हणून घोषित केले. मूळचा हा मासा आखूड परांचा व फिक्या रंगाचा असून झुंजीसाठी आणि पुढे शोभेसाठी माणसाने केलेल्या निवडीतून त्याचे लांब परांचे, भडक रंगांचे प्रकार निर्माण झाले. जनुकीय अभ्यासाच्या आधारे हे माणसाळवणे सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरू झाले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे.

या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस एक विशेष श्वसनेंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. आपल्याकडील मरळ हा मासाही हवेतून श्वास घेऊ शकतो आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने दोघे एकाच गणात मोडतात. कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरण्याच्या या क्षमतेमुळेच फायटर लहान बरणीत ठेवता येतो. अर्थात, जगता येते याचा अर्थ घाणेरडे पाणी चालते असा नव्हे. साचलेला अमोनिया त्यालाही घातक असतो.

वीण आणि संगोपन यांत नराची भूमिका प्रमुख असते. नर लाळमिश्रित बुडबुड्यांचे तरंगते घरटे बांधतो, मादीने सोडलेली अंडी तोंडाने उचलून त्या घरट्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत राखण करतो. अंडी घातल्यानंतर मादीला बाजूला काढावे लागते, अन्यथा नर तिला जखमी करतो. दोन प्रौढ नर एकत्र राहू शकत नाहीत. माद्या मात्र पुरेशी जागा व आडोसा असल्यास बहुधा समूहात राहतात. संपूर्ण व्यवसायाचे गणित या एका फरकावर उभे आहे.

३. पिल्लांच्या वाढीचे टप्पे

पाण्याचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस असताना अंडी साधारणपणे २४ ते ४८ तासांत फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस पिल्ले घरट्याखाली उभी लोंबकळतात व पोटातील पीतकावर जगतात. पीतक संपताच ती आडवी पोहू लागतात. या वेळी त्यांना इन्फ्युसोरियासारखे सूक्ष्म जीव, नंतर आर्टेमियाची पिल्ले, डॅफ्निया आणि पुढे डासांच्या अळ्या असे जिवंत खाद्य लागते. हवाश्वसनाचे इंद्रिय साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कार्यक्षम होते. या काळात पृष्ठभागावरील हवा थंड लागल्यास अनेक पिल्ले दगावतात, म्हणून टाकीवर झाकण आवश्यक असते.

पहिल्या पाच आठवड्यांत बाह्य लक्षणांवरून नर-मादी सांगण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लक्षणे दिसू लागतात. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात लांब परांच्या बहुतेक पिल्लांची ओळख पटते. आखूड परांच्या, 'प्लाकाट' या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकारात मात्र तीन ते चार महिनेही लागू शकतात.

येथे स्थानिक हवामानाचा विचार करणे अगत्याचे आहे. वरील सर्व कालावधी उबदार पाण्याला धरून दिलेले आहेत. शहापूर-मुरबाड भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्यावरील टाकीचे पाणी बरेच गार होते आणि पिल्लांची वाढ मंदावते. त्यामुळे पावसाळ्यात जन्मलेल्या आणि हिवाळ्यात जन्मलेल्या आठ आठवड्यांच्या पिल्लांची तुलना करणे चुकीचे ठरते. वयाची नोंद ठेवावीच, परंतु निर्णय शरीराच्या लांबीवर आणि लक्षणांवर घ्यावा. एकाच विणीतील पिल्लेही सारखी वाढत नाहीत. दांडगी पिल्ले खाद्य अधिक मिळवतात व पुढे जातात, तर मागे पडलेल्या पिल्लांत लक्षणे उशिरा दिसतात.

४. ओळखीची लक्षणे आणि त्यांच्या मर्यादा

(अ) परांची लांबी व आकार : नराचे पृष्ठपर, पुच्छपर व गुदपर हे तिन्ही मादीच्या तुलनेत लांब होतात. पोटाखालील श्रोणिपरांची जोडीही नरात अधिक लांब व रुंद असते. गुदपराचा मागील कोपरा नरात टोकदार होऊन खाली झुकतो, तर मादीत तो पर आखूड असून त्याची कडा बरीचशी समांतर राहते. आखूड परांच्या प्रकारात गुदपराचा हा आकार विशेष उपयोगी पडतो. मर्यादा अशी की, कुरतडलेल्या परांमुळे नर मादीसारखा दिसतो. निवडीने वाढवलेल्या काही वाणांत मादीचे परही लांब असतात. म्हणून तुलना नेहमी त्याच विणीतील, त्याच आकाराच्या पिल्लांशी करावी.

(आ) 'दाढी' : कल्ल्यांच्या झाकणाखाली एक पातळ पडदा असतो. मासा फुरफुरतो तेव्हा तो पडदा बाहेर येऊन दाढीसारखा दिसतो. नरात हा पडदा मोठा असून मासा शांत असतानाही त्याची कड खाली डोकावते. मादीत तो लहान असून फुरफुरल्यावरच, तोही थोडासा दिसतो. पिल्लाला क्षणभर आरसा दाखवून हे लक्षण तपासता येते. आरसा समोर अधिक वेळ ठेवू नये, कारण मासा थकतो.

(इ) अंडठिपका : मादीच्या पोटाखाली, श्रोणिपर आणि गुदपर यांच्या दरम्यान, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो. ते अंडी बाहेर टाकण्याच्या नलिकेचे टोक होय. नवशिका पालक याच लक्षणावर सर्वाधिक विसंबतो आणि सर्वाधिक फसतो. अनेक कोवळ्या नरांतही असाच ठिपका दिसतो व वाढीबरोबर तो नाहीसा होतो. उलटपक्षी, फिक्या रंगाच्या मादीत तो अंगाच्या रंगात मिसळून जातो. ठिपका असणे हा मादीचा पुरावा नाही आणि नसणे हा नराचा पुरावा नाही. प्रौढ, गाभोळीने भरलेल्या मादीत मात्र हे लक्षण विश्वसनीय ठरते.

(ई) अंडाशयाची सावली : अरुंद, सपाट, पारदर्शक बाटलीत पिल्लू ठेवून अंधाऱ्या खोलीत मागून विजेरीचा प्रकाश सोडल्यास शरीरातील अवयवांची आकृती दिसते. पुढच्या बाजूस आतड्याची गडद पिशवी आणि कण्याखाली वाताशय ओळखता येतो. मादीत या अवयवांच्या मागे, गुदपराच्या वरच्या कडेला लागून, शेपटीकडे निमुळता होत जाणारा फिकट पिवळसर त्रिकोण दिसतो. तो अंडाशय होय. नरात ती जागा मोकळी व अर्धपारदर्शक दिसते. अनुभवी पालक सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत या पद्धतीचा उपयोग करतात. पिल्लावस्थेत बाहेरून घेता येणारा हा सर्वांत थेट पुरावा आहे, कारण येथे आपण लिंगाचे दुय्यम चिन्ह पाहत नसून जननेंद्रियच पाहतो. निरीक्षण खाद्य देण्यापूर्वी, उपाशीपोटी करावे, अन्यथा भरलेले आतडे घोटाळा करते. गडद निळ्या, काळ्या व जाड चकाकत्या खवल्यांच्या माशांत ही पद्धत निरुपयोगी ठरते.

(उ) रंग व पट्टे : नर अधिक भडक असतो, हे विधान जंगली माशाबाबत बऱ्याच अंशी खरे असले तरी बाजारातील वाणांत ते टिकत नाही, कारण माद्यांनाही निवडीने रंग आलेला आहे. आडवे पट्टे लहान पिल्लांत व घाबरलेल्या माशांत, दोन्ही लिंगांत दिसतात. विणीस तयार असलेल्या मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटतात, परंतु ते प्रौढावस्थेचे लक्षण असून पिल्लांसाठी त्याचा उपयोग नाही.

(ऊ) वर्तन : फुरफुरणे, पाठलाग करणे व बुडबुड्यांचे घरटे बांधणे ही नराची लक्षणे मानली जातात. तथापि माद्याही फुरफुरतात आणि क्वचित घरटेही बांधतात. दुसरीकडे, टाकीतील दांडग्या भावंडांनी दडपलेला नर पर मिटून, फिका होऊन कोपऱ्यात राहतो आणि मादी म्हणून मोजला जातो. त्याला वेगळे ठेवल्यास काही आठवड्यांत त्याचे पर वाढू लागतात आणि 'मादीचा नर झाला' असा समज पसरतो. प्रत्यक्षात बदल माशात नव्हे, आपल्या निरीक्षणात झालेला असतो.

या सहा लक्षणांची गुणवत्ता सारखी नाही. अंडाशयाची सावली दिसली तर ती प्रमाण मानावी. ती पाहणे शक्य नसल्यास दाढी आणि गुदपराचा आकार ही दोन लक्षणे एकत्र विचारात घ्यावीत. अंडठिपका, रंग व वर्तन यांना केवळ पूरक स्थान द्यावे. कोणत्याही एका दुय्यम लक्षणावर लिंग निश्चित करू नये.

५. लिंगनिश्चितीमागील जीवशास्त्र

ही ओळख इतकी निसरडी का, याचे उत्तर माशांच्या जीवशास्त्रात आहे. सस्तन प्राण्यांत वाय गुणसूत्रावरील एक जनुक नराच्या विकासाची दिशा ठरवते आणि ती व्यवस्था कोट्यवधी वर्षे स्थिर राहिली आहे. माशांत मात्र लिंगनिश्चितीच्या पद्धती जातीगणिक बदलतात. काहींत गुणसूत्रे, काहींत तापमान, तर काहींत सामाजिक परिस्थिती निर्णायक ठरते.

फायटर माशाच्या बाबतीत हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. २०२२ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात, पाळीव फायटरमध्ये 'डीएमआरटी१' हे जनुक लिंगनिश्चितीशी दृढपणे निगडित असल्याचे दाखवण्यात आले. हा संबंध बलवान असला तरी शंभर टक्के नाही, म्हणजे जनुकीय रचना एक सांगते आणि प्रत्यक्ष मासा दुसऱ्या लिंगाचा निघतो, अशी उदाहरणे आढळतात. जंगली माशांत या जनुकाचा असा संबंध दिसून आला नाही. माणसाने परांची लांबी, रंग व झुंजारपणा यांसाठी निवड करीत असताना लिंगनिश्चितीची व्यवस्थाही बदलत गेली असावी, ही शक्यता त्यामुळे पुढे आली.

त्याआधी, १९७५ मध्ये लोव व लार्किन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अंडाशय काढून टाकलेल्या काही प्रौढ माद्यांत पुढे वृषण तयार झाले आणि त्या नर म्हणून प्रजननक्षम ठरल्या, असे नोंदवले गेले. प्रौढ मादीतही नर होण्याची सुप्त क्षमता शिल्लक असते, असा याचा अर्थ होतो. नरसंप्रेरकांच्या प्रभावाने मादीचे पर लांबतात व रंग भडक होतो, हेही ज्ञात आहे. पर, रंग आणि दाढी ही सारी लक्षणे संप्रेरकांच्या अधीन आहेत. लिंगाचा निर्णय आधी जननग्रंथीत होतो, संप्रेरके नंतर स्रवतात आणि बाह्य लक्षणे सर्वांत शेवटी येतात. निरीक्षक नेमका या शेवटच्या टोकाला उभा असतो. पिल्लात काहीच दिसत नाही, याचा अर्थ लिंग ठरलेले नाही असा नसून त्याची वार्ता अद्याप बाहेर पोहोचलेली नाही, असा बहुधा असतो.

या माहितीचा गैरफायदा घेऊन संप्रेरके वापरून पिल्ले 'नर बनवण्याचा' मोह टाळला पाहिजे. असे रसायन असलेले पाणी शेवटी ओहोळातच जाते.

६. पाणी, श्रम आणि निर्णयाची वेळ

भातसा व तानसा या जलाशयांतून मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती सर्वपरिचित आहे. अशा ठिकाणी मत्स्यपालनाचा विचार लिटरच्या हिशेबानेच करावा लागतो.

उदाहरणादाखल, एका विणीतून २०० पिल्ले वाचली असे मानू. सर्वच पिल्ले सरसकट एक लिटरच्या बरण्यांत वेगळी केली आणि दिवसाआड निम्मे पाणी बदलले, तर प्रत्येक फेरीला १०० लिटर पाणी लागेल. प्रत्येक बरणीला दोन मिनिटे धरली तर सहा तास चाळीस मिनिटांचे काम होईल. यांपैकी निम्म्या माद्या असून त्या एकत्र टाकीत ठेवता आल्या, तर बरण्यांचे पाणी ५० लिटरवर आणि वेळ तीन तास वीस मिनिटांवर येईल. माद्यांच्या टाकीलाही पाणी लागते, परंतु तिची निगा एकत्रितपणे होते. घरातील स्त्रीने पाणी डोक्यावरून आणायचे असेल, तर या फरकाला वेगळे भाष्य नको.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. नर समजून न आल्याने सामाईक टाकीत राहिला, तर तो इतरांचे पर फाडतो. बाजारात नराची किंमत त्याच्या परांवर ठरत असल्याने अशा नराला गिऱ्हाईक मिळत नाही. 'जोडी' म्हणून विकलेले दोन मासे ग्राहकाच्या घरी दोन नर निघाले, तर झुंजीत एक मरतो आणि पुढची मागणी बंद होते. मुंबई, ठाणे, कल्याणच्या दुकानांत चेन्नईजवळील कोळत्तूरसारख्या प्रस्थापित उत्पादनकेंद्रांतूनही माल येतो. त्या स्पर्धेत नव्या, लहान उत्पादकाजवळ विश्वासार्हता हेच भांडवल असते.

येथे प्रारंभी उल्लेखिलेला भेद महत्त्वाचा ठरतो. पिल्लाला वेगळे काढण्यासाठी त्याचे लिंग निश्चित होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. सातव्या-आठव्या आठवड्यापासून जे पिल्लू इतरांवर धावून जाते, ते नर असो वा मादी, बरणीत काढावे. जे शांत आहे ते समूहात राहू द्यावे व दर आठवड्याला तपासावे. विक्रीसाठी 'नर' वा 'मादी' अशी चिठ्ठी मात्र किमान दोन लक्षणे जुळल्याशिवाय लावू नये. आजची व्यवस्था वर्तनावर आणि उद्याची विक्री लिंगावर ठरवावी, असा हा साधा नियम आहे. तो पाळल्यास पाण्याचीही बचत होते आणि घाईने केलेल्या निदानाची किंमतही मोजावी लागत नाही.

७. महाविद्यालयीन निरीक्षण-प्रकल्पाची रूपरेषा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. फायटरच्या पिल्लांवरील प्रकल्प प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र व वाणिज्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र करता येईल. त्याची रूपरेषा पुढीलप्रमाणे असावी.

एकाच विणीतील २० ते ३० पिल्ले सहाव्या आठवड्यापासून क्रमांकित बरण्यांत ठेवावीत. दर पंधरवड्याला दोन विद्यार्थ्यांनी परस्परांशी चर्चा न करता प्रत्येक पिल्लाची स्वतंत्र नोंद करावी. नोंदवहीत शरीराची लांबी, पाण्याचे तापमान, गुदपराचा आकार, दाढी, अंडठिपका व अंडाशयाची सावली असे रकाने असावेत. निष्कर्षाच्या रकान्यात 'नर', 'मादी' आणि 'अनिश्चित' असे तीनच पर्याय असावेत. सोळाव्या आठवड्यात सर्व लक्षणांच्या आधारे अंतिम नोंद करावी आणि शक्य असेल तेथे वीण घेऊन तिची खातरजमा करावी. त्यानंतर मागे वळून कोणते लक्षण कोणत्या आठवड्यात किती वेळा बरोबर ठरले, हे काढावे. दोन निरीक्षकांचे एकमत किती होते, हेही मोजावे. बरणीत एकट्याने वाढलेल्या पिल्लांचे वर्तन समूहातील पिल्लांसारखे नसते, ही मर्यादा अहवालात नमूद करावी.

या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा रकाना 'अनिश्चित' हा होय. परीक्षेच्या सवयीमुळे विद्यार्थ्याला रिकामी जागा भरण्याची घाई असते. पुरावा अपुरा असताना 'अद्याप सांगता येत नाही' असे लिहिणे हे अज्ञान नसून शास्त्रीय प्रामाणिकपणा आहे, हे व्याख्यानापेक्षा सहाव्या आठवड्यातील एका पिल्लाकडून अधिक चांगले शिकता येते.

८. एक सावधगिरी

विकल्या न गेलेल्या माद्या, अधू पिल्ले वा कंटाळा आलेले मासे जवळच्या ओहोळात, विहिरीत किंवा खाचरात सोडून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. हेतू दयेचा असला तरी परिणाम घातक होऊ शकतो. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने अनेक जलाशयांत कसे पाय रोवले, याचा अनुभव आपल्यापुढे आहे. भाताच्या शेतात राहणाऱ्या फायटरला पावसाळ्यातील आपली खाचरे परकी वाटण्याचे कारण नाही. पाळीव माशांतील रोगही त्यांच्याबरोबर स्थानिक माशांत जाऊ शकतात. म्हणून माद्यांचे काय करावयाचे, याचे नियोजन वीण घेण्यापूर्वीच झाले पाहिजे. किती नर विकले जातील एवढेच नव्हे, तर किती माद्या सांभाळता येतील, यावर विणींची संख्या ठरवावी. टाकीचे पाणीही ओहोळात न सोडता परसातील झाडांना घालावे.

९. समारोप

फायटरच्या पिल्लांतील नर-मादी ओळखण्याची एकच एक हमखास खूण नाही. लक्षणांचा क्रम, त्यांची परस्परांशी जुळणी आणि ठरावीक अंतराने केलेली पुनर्तपासणी यांतूनच ओळख पटते. अंडाशयाच्या सावलीला प्रमाण मानणे, अंडठिपक्यावर एकट्याने न विसंबणे, वयापेक्षा वाढीकडे पाहणे आणि विलगीकरणाचा निर्णय लिंगनिदानापासून वेगळा ठेवणे, ही चार सूत्रे पाळल्यास बहुतेक चुका टळू शकतात.

वळगणीच्या वेळी गाभोळीचा मासा स्पर्शाने ओळखणाऱ्या घरातील मुले आज या परिसरातील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्याजवळ निरीक्षणाचे संस्कार आहेतच. त्यांना नोंदवही, विजेरी आणि थोडी प्रतीक्षा करण्याची शिस्त यांची जोड देणे हे आपले काम आहे. तसे झाल्यास एका छोट्या माशाच्या निमित्ताने घरच्या उत्पन्नाला हातभार लागेल आणि वर्गात शिकवलेले शास्त्र पाड्यापर्यंत पोहोचेल.